हलूनका आणि बाईंची उडी

गल्लीतल्या फोटो स्टुडिओच्या मालकांना सगळे 'हलूनका' म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर पाटीवरचं खरं नाव विचारलं की शेजारचा शिंपीसुद्धा डोकं खाजवायचा. नाव पडलं त्यात दोष सगळा त्यांचाच. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हे दोन बोटांनी त्याची हनुवटी सरळ करायचे, खांदे दाबायचे, मागे सरकायचे आणि म्हणायचे, "हलू नका." मग फ्लॅशचा लख्ख उजेड पडला की झालं काम. रडकं पोर असो, वाटेत भांडून आलेलं जोडपं असो, नाहीतर नोकरीच्या अर्जासाठी घाम पुसत आलेला एखादा बापडा असो, यांच्या फोटोत सगळे सारखेच गप्प. शिंपी म्हणायचा, याच्या स्टुडिओत माशीसुद्धा नाकावर बसायच्या आधी परवानगी मागते.

आता नशिबाची थट्टा बघा. अशा माणसाला बायको मिळाली ती व्यायाम शिकवणारी. शाळेत मुलींना पळवणं, उड्या मारायला लावणं, झाडावर चढलेल्यांना खाली उतरवणं आणि घाबरून खाली बसलेल्यांना वर चढवणं हा तिचा धंदा. निम्म्या गल्लीतल्या बायका लहानपणी तिच्या शिट्टीवर धावलेल्या, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. नवराही खुशीत असला की बाई म्हणायचा, आणि चिडला की तर हमखास म्हणायचा. एक जण दिवसभर लोकांना हलू नका म्हणणार आणि दुसरी उठा, पळा म्हणणार. असा संसार इतकी वर्षं टिकला कसा, हे मला विचाराल तर सांगतो: दोघं दिवसभर आपापल्या कामावर असत.

पायाला भिंगरी असलेल्या या बाईचा एकही धड फोटो घरात नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा ऐनवेळी कोणीतरी हाक मारली म्हणून तिने मान वळवलेली, त्यामुळे नवरा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि नवरीचा नुसता कान दिसतोय. लेकीच्या बारशापासून लेकीच्या लग्नापर्यंत तीच कथा. कुठे अर्धा चेहरा, कुठे नुसता हात, तोही पुसटलेला. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. त्या म्हणायच्या, मला स्टुलावर बसवून काय फोटो काढता, माझा उडीचा फोटो काढा.

त्या उडीबद्दल सांगायला हवं. शाळेत नवीन मुली आल्या की बाई हॉलमध्ये दोन मुलींना दोरी धरायला लावत आणि स्वतः धावत येऊन ती ओलांडत. वय वाढलं, दोरी थोडी थोडी खाली आली, पण उडी चुकली नाही. मग मुलींना सांगत, दोरीकडे बघायचं नाही, पलीकडच्या जागेकडे बघायचं. घाबरट मुलगीसुद्धा आठवडाभरात पलीकडे जायची. हलूनका मात्र फोटोचं नाव काढलं की म्हणायचे, काढू की, उडी काय पळून जातेय का. हे आपलं म्हणणं किती बरोबर आहे असंच त्यांना वाटायचं.

उडी पळून गेली नाही, गुडघा गेला. आधी जिना चढताना दुखायचा, मग उतरताना, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी आतला फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, सांधा बदलावा लागेल. नंतर चालता येईल, जिनाही चढता येईल, पण उड्या विसरा. घरी येऊन घासलेली भांडी त्यांनी पुन्हा घासायला काढली. हलूनका दारात उभे राहून बघत होते.

शेवटी बाईच म्हणाल्या की ऑपरेशनच्या आधी मी एकदा उडी मारणार आहे, आणि तुम्ही फोटो काढायचा. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. पण बाईंनी इतक्यांदा विचारलं, की तेही कंटाळून म्हणाले, बरं, गुडघ्याला पट्टा बांधून, दोरी अगदी खाली घेऊन, पलीकडे गादी घालून, आणि एकदाच.

एकदाच म्हटल्यावर हलूनकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्य गेलं बसलेल्यांचे फोटो काढण्यात, हलत्या माणसाचा फोटो कधी मनावर घेतलाच नव्हता. मग स्टुडिओचं शटर अर्धं ओढून, दिवे मालवून सराव सुरू झाला. घर स्टुडिओच्याच मागे, मधे एक दार, त्यामुळे बाईंना सगळं ऐकू यायचं. फ्लॅशचा उजेड पापणी लवायच्या आत येऊन जातो, तेवढ्यात जे असेल ते जागच्या जागी पकडलं जातं, हे हलूनकांना ठाऊक होतंच. त्यांनी पेल्यातलं पाणी उडवलं, दोऱ्याची रिळं फेकली, आणि रिळांचा मालक तक्रार करायला आला तर त्यालाच उडी मारायला लावली. फोटो आला झकास. शिंपी जमिनीपासून वीतभर वर, गळ्यातली मापाची टेप हवेत, तोंड उघडं. हलूनका तो फोटो नाचवतच आत घेऊन गेले.

बाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, हे उडी मारतायत की यांना कोणी खुंटीला अडकवलंय? कुठून आले, कुठे चाललेत, यातलं काहीच दिसत नाही. मला माझी धाव दिसायला हवी.

हलूनकांच्या नाकाला मिरची झोंबली, पण बोलणं खरं होतं. मग वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका ओळखीच्या फोटोवाल्याला त्यांनी फोन लावला. त्याने सांगितलं, सोपं आहे. खोलीत मंद दिवा ठेवा, कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं राहू द्या, म्हणजे हलणाऱ्या माणसाची पुसट रेघ उमटते. त्यातच फ्लॅश मारा, म्हणजे माणूस स्वच्छ येतो. धाव पण दिसते आणि चेहरा पण. तो आणखी काही सांगणार होता, पण हलूनकांनी "समजलं, समजलं" म्हणून फोन ठेवला. असं समजलं, समजलं म्हणणाऱ्यांचंच पुढे वाटोळं होतं.

त्यांनी शिंप्याला मधोमध उभं करून डोक्यावर टेप गरागरा फिरवायला लावली. फोटो बघून दोघंही खूष झाले. शिंपी स्वच्छ, आणि त्याच्याभोवती टेपचं पिवळं कडं. एवढं जमल्यावर आणखी सराव कशाला? फ्लॅश मारत हात झिजलेत आपले, असं ते म्हणाले. गोल फिरणाऱ्या टेपला पुढे काय आणि मागे काय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उडीच्या दिवशी शाळेच्या हॉलचे पडदे ओढले होते. एक दिवा, मागे काळं कापड, दोन मुली दोरी धरून बसलेल्या, बाकीच्या भिंतीला टेकून चिडीचूप. हलूनकांनी कॅमेरा तिपाईवर बाजूला लावला, म्हणजे अलीकडची धाव आणि पलीकडची गादी, सगळं एका चौकटीत येईल. बाईंनी कॅनव्हासचे पांढरे बूट घातले होते. गुडघ्याला पट्टा, ओठ घट्ट. त्यांनी मान डोलावली, हलूनकांनी बटण दाबलं, फ्लॅश पडला, आणि बाई धावत येऊन दोरीवरून पलीकडे गेल्या. गादीवर दोन्ही पाय टेकले. मुलींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. बाई तिथेच बसून हसत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या.

हलूनकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. बाई स्वच्छ आल्या होत्या, पण दोरीच्या अलीकडे. एक पाय उचललेला, नजर पुढे, आणि तिथेच थबकलेल्या. दोरीवरून पलीकडे गेला होता तो नुसता पांढरा धूर. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई पलीकडून मागे मागे येऊन इथे उभी राहिली आहे.

मस्त आलाय, असं ते सगळ्यांना म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत घातला.

घरी बाईंनी फोटो मागितलाच. बराच वेळ बघितला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यात मी अलीकडेच राहिले." कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देतो, तुला उचलून पलीकडे ठेवतो, असं हलूनका घाईघाईने म्हणाले. खोटी उडी नको म्हणून बाईंनी फोटो परत दिला. गुडघा तोवर टम्म सुजला होता, त्यामुळे पुन्हा उडी मारायचा प्रश्नच नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूष, टाके छान भरून आले, लेक येऊन महिनाभर राहून गेली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, फिजिओ. चुणचुणीत होती, गोडही बोलायची, पण बाईंना तिची शिट्टी नसलेली हुकमत सोसेना. उठा म्हणणं हा ज्यांचा जन्माचा धंदा, त्यांना दुसऱ्याचं उठा ऐकायला लागत होतं. वॉकर धरून मोरीपर्यंत जायचं आणि परत दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसायचं, याच्यापुढे गाडी सरकेना. काठी घेऊन चाला म्हटलं की उद्या. मुलगी म्हणाली, पाय तयार आहे, पण बाई घाबरतायत. बाई आणि घाबरतायत! गल्लीत कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

लोक हसले असते, पण हलूनकांना हसू येत नव्हतं. घरात बाई एका जागी बसून आहे, ही गोष्ट त्यांच्याने बघवत नव्हती. आयुष्यभर जिने जरा स्वस्थ बसावं म्हणून कुरकुर केली, ती स्वस्थ बसली आणि घर खायला उठलं. एका दुपारी त्यांनी चहा पुढे केला तेव्हा बाई कपाकडे न बघताच म्हणाल्या, त्या फोटोसारखंच झालं बघा, सगळं पलीकडे गेलं आणि मी इथेच.

ते ऐकून हलूनका स्टुडिओत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. चूक कुठे झाली ते एकदाचं बघायचंच, असं त्यांनी ठरवलं. कॅमेरा तसाच लावला, शिंप्याला हाक मारली आणि या भिंतीपासून त्या दरवाजापर्यंत चालायला सांगितलं. फोटो बघून शिंपी भडकला. मी दाराकडे चाललोय आणि यात दाराकडून मागे फिरतोय, म्हणजे मला काय रिव्हर्स गिअर आहे का, असं त्याचं म्हणणं. आणि तेव्हा हलूनकांच्या डोक्यात उजेड पडला. फ्लॅश आधी पडतोय. शटर उघडल्या उघडल्या लख्ख उजेड, म्हणून माणूस स्वच्छ येतो तो सुरुवातीला. चालतो तो नंतर, म्हणून रेघ त्याच्यापुढे पळते. फ्लॅश शेवटी पडायला हवा. पोचल्यावर. त्यांनी कॅमेऱ्यातली बटणं धुंडाळली, तर ती सोय त्यातच होती. वर्षानुवर्षं कॅमेरा गळ्यात आणि कधी हात लावला नाही, कारण स्टुलावरच्या माणसाला आधी काय आणि शेवटी काय, ते सारखंच.

मूग गिळून बसायची सवय त्या दिवशी त्यांनी मोडली. आत जाऊन बाईंच्या खुर्चीसमोर बसायला वेताचा मोडा ओढला.

"तुझी उडी बरोबर होती," ते म्हणाले. "तू पलीकडे गेली होतीस. चुकला तो माझा फ्लॅश. तो आधी पडला."

बाईंनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं. आणि चुकलं एवढं दिसत होतं, त्याची लाज वाटली."

बाई हसल्या नाहीत, पण खुर्चीच्या हातावर टेकवलेले त्यांचे हात जरा सैल झाले. मग त्यांनी विचारलं की स्टुडिओत खडू आहे का. हलूनका म्हणाले, आहे. तर मग जमिनीवर रेघ मारा, त्या म्हणाल्या, आणि ती कोपऱ्यातली काठी इकडे द्या.

फिजिओची वेळ होतीच, तिला आणि शिंप्याला घेऊन सगळी फौज स्टुडिओत जमली. शटर ओढलं, काळं कापड सोडलं, एक मंद दिवा ठेवला. एका टोकाला बाईंची खुर्ची, दुसऱ्या टोकाजवळ खडूची रेघ, कॅमेरा बाजूला तिपाईवर. रेघेच्याही पलीकडे, चौकटीबाहेर, शिंपी झेल घ्यायला उभा राहावा तसा हात पसरून उभा. फिजिओ कॅमेऱ्याच्या अंगाला, धावून जायच्या बेतात. बाईंनी तेच पांढरे बूट घातले होते. लेस हलूनकांनी बांधली.

पहिला फोटो फसला. बाईंना किती वेळ लागेल याचा हलूनकांनी मनाशी अंदाज बांधून तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं होतं. पण तो अंदाज जुन्या बाईंचा होता. बाई निम्म्या वाटेवरही नसतील, तोवर वेळ संपला, फ्लॅश पडला, आणि त्या दचकून जागीच उभ्या राहिल्या. फिजिओने त्यांना परत आणून बसवलं. "मी पोचलेच नव्हते," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ते खुर्चीतलं सावट आलं. राहू द्या आता, असंही त्या पुटपुटल्या.

हलूनकांनी ऐकलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याला एक वायर जोडली, तिच्या टोकाला बटण. हे बटण दाबून धरलं की शटर उघडं राहतं, आणि सोडलं की मिटता मिटता फ्लॅश पडतो. मिनिट लागो की अर्धा तास, बोट सोडेपर्यंत फोटो संपत नाही. हे त्यांनी बाईंना मुद्दाम नीट समजावून सांगितलं. मग अंगठ्याने बटण दाबलं.

बाई उठल्या. काठी पुढे, पाऊल पुढे. काठी पुढे, पाऊल पुढे. कपाळावर घाम. मधोमध आल्यावर त्यांची नजर खडूच्या रेघेवर गेली आणि त्या थांबल्या. पाय थरथरायला लागला. फिजिओ एक पाऊल पुढे सरकली, पण हलूनकांनी मोकळ्या हाताने तिला थोपवलं. सगळं आयुष्य समोरचा माणूस थांबला की ज्याला बरं वाटायचं, त्याचा जीव आता नुसता खालीवर होत होता.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "रेघेकडे बघू नकोस. हवा तेवढा वेळ घे. बटण मी धरलंय."

बाईंनी मान वर केली. रेघेच्या पलीकडे कुठेतरी, शिंप्याच्या पसरलेल्या हातांच्याही वर, त्यांनी नजर लावली. काठी पुढे गेली. पाऊल गेलं. मग दुसरं. हलूनकांचा अंगठा पांढरा पडला होता, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. पांढरा बूट रेघेवरून पलीकडे टेकला, त्याच्यामागून दुसराही टेकला, आणि त्यांनी बटण सोडलं. लख्ख उजेड पडला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंपी नाक ओढत होता आणि धुळीने सर्दी झाली म्हणत होता. बाईंसाठी आणलेली खुर्ची तशीच राहिली. त्या काठीवर भार देऊन उभ्याच होत्या, आणि कॅमेरा इकडे आणा म्हणून हात पुढे करत होत्या.

हलूनका कॅमेरा घेऊन त्यांच्याजवळ गेले. पडद्यावर एका टोकाला पुसट खुर्ची होती. तिथून एक पांढुरकी वाट निघाली होती, खाली बुटांची ठिपक्याठिपक्यांची ओळ आणि वर पदराची लांबच लांब पुसट लाट. ती सगळी खुर्चीकडून येत येत रेघेच्या पलीकडे एका स्वच्छ, घामेजलेल्या, ओठ आवळलेल्या बाईत संपत होती. फोटोत ती बाई येतच होती. मागे फिरतेय असं आंधळासुद्धा म्हणाला नसता.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि खुर्चीपासून हळूहळू पुढे नेलं. मधोमध ते थबकलं. तिथे धूर दाट होता, आणि त्यात एक अंधुक चेहरा उमटला होता, खाली बघणारा.

"हे काय?"

"तिथे तू थांबली होतीस," हलूनका म्हणाले.

बाईंनी मान हलवली. बोट पुन्हा निघालं, रेघ ओलांडून चेहऱ्याशी येऊन थांबलं. "आणि हे सगळं मीच?"

"सगळं तूच."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते काठीच्याच हाताने पुसले, त्यामुळे काठी लटपटली आणि तिघंही एकदम धावले, तर त्यांना त्यांनी शाळेत ओरडायच्या तशा ओरडून मागे हटवलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, हा फोटो दर्शनी काचेत लावा. त्या सगळ्या सरळ मानेच्या पासपोर्टवाल्यांच्या मधे लावा. आणि उडीचा तोसुद्धा शेजारी लावा, मी पलीकडे गेले होते की नव्हते ते माझ्या मुलींना ठाऊक आहे.

हलूनकांनी दोन्ही लावले. लोक काचेपुढे उभे राहून विचारतात, अहो, या फोटोत एवढा धूर कसला? शिंपी बाहेर येऊन सांगतो, तो धूर नाही, त्या आमच्या बाई आहेत. आणि बाई बहुधा तेवढ्यात शेजारूनच काठी टेकत जात असतात, कारण शाळेत नवीन मुली आल्या आहेत आणि दोरी धरायला कोणीतरी हवं.